दोन डिस्क, दोन्हींत सेम डेटा, तरी सर्व्हर अपग्रेडच्या रात्री सगळं कसं काय उडतं?

ऑक्टोबर २०२३. पत्रकारितेची डिग्री घेऊन मी नुकतीच पहिल्या नोकरीला लागले होते. छोटंसं न्यूज पोर्टल, दुसऱ्या मजल्यावर ऑफिस आणि पॅन्ट्रीला लागून असलेल्या खोलीत एक सर्व्हर. वेबसाइट बाहेर क्लाउडवर होती, पण फोटोग्राफर मंडळींचे ओरिजिनल फोटो, व्हिडिओ, बिलं, करारांच्या फाइली हे सगळं त्या एका डब्यात.

डब्यात दोन हार्ड डिस्क होत्या आणि दोन्हींत तोच डेटा. "एक गेली तरी दुसरी आहे, टेन्शन नाही," असं आयटी बघणारा दादा कायम सांगायचा.

एका शनिवारी रात्री त्यानं सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड करायला घेतली. आधी एक डिस्क काढून ड्रॉवरमध्ये ठेवली, म्हणजे काही बिघडलंच तर जुनी कॉपी हाताशी. मग दुसऱ्या डिस्कवर अपग्रेड सुरू केलं आणि ते अर्ध्यात अडकलं. हरकत नाही म्हणत त्यानं ती डिस्क काढली आणि ड्रॉवरमधली लावली. सर्व्हर जुन्या सिस्टिमवर मस्त चालू झाला. पहाटे तीनला त्यानं अडकलेली डिस्कही परत आत सरकवली, दोन्हींची जोडी पुन्हा जुळवायला लावली आणि घरी जाऊन झोपला.

सोमवारी सकाळी आमच्या फोटोग्राफर काकांनी फोल्डर उघडला. सगळ्यात शेवटचा फोटो होता ५ जूनचा.

म्हणजे त्यानंतरचे चार महिने गायब. त्यात आषाढी वारी होती. काका आळंदीपासून पंढरपूरपर्यंत पालखीसोबत चालले होते. मेमरी कार्ड तर कधीच फॉरमॅट करून परत वापरली गेलेली. वेबसाइटवर टाकलेले बारके, दाबून छोटे केलेले फोटो तेवढे उरले. ओरिजिनल एकही नाही.

कोणी काही डिलीट केलं नव्हतं, व्हायरस नव्हता, डिस्कही जळाली नव्हती. मग चार महिने गेले कुठं?

हे समजून घ्यायचं तर आधी या दोन डिस्कचा विषय काय असतो ते बघावं लागेल. आणि हा विषय फक्त आयटीवाल्यांचा नाहीये. तुमच्या गावातली पतसंस्था, सीएचं ऑफिस, पॅथॉलॉजी लॅब, शाळा, इथं कुठंतरी असाच दोन डिस्कचा एक डबा चालू असतो आणि त्यात तुमचीही माहिती असते.

डिस्कचा आरसा म्हणजे काय?

हार्ड डिस्क ही कधी ना कधी बंद पडणारी वस्तू आहे. म्हणून सर्व्हरमध्ये दोन डिस्क लावतात आणि जे पहिलीवर लिहिलं जाईल तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहायचं, अशी सोय करतात. याला मिररिंग म्हणतात, म्हणजे एक डिस्क दुसरीचा आरसा.

याचं टेक्निकल नाव रेड-१. ही रेड म्हणजे इन्कम टॅक्सवाल्यांची नव्हे. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक पेपर मांडला. त्यांचं म्हणणं असं होतं की एकच महागडी, भलीमोठी डिस्क घेण्यापेक्षा पर्सनल कॉम्प्युटरच्या छोट्या आणि स्वस्त डिस्क जास्त संख्येनं घ्या आणि त्यांची टीम बनवा.

पण डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यातली एखादी बंद पडण्याची शक्यता जास्त. म्हणून त्यांनी डेटा वाचवायचे पाच प्रकार सांगितले. त्यातला पहिला आणि सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे हा आरसा. तो काही त्यांनी शोधलेला नव्हता. बँका आणि शेअर बाजारांना न थांबणारे कॉम्प्युटर विकणारी टँडम नावाची कंपनी १९७० च्या दशकापासूनच डिस्कच्या जोड्या वापरत होती.

आता इथं एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या, कारण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे.

किराणा दुकानातलं बिलबुक आठवा. वरच्या कागदावर लिहिलं की कार्बनमुळं खालच्या कागदावरही तेच उमटतं. वरचा कागद फाटला तर खालचा आहे. पण दुकानदारानं ५०० च्या जागी ५००० लिहिले, तर खालीही ५००० च उमटणार. कार्बनला चूक आणि बरोबर यातलं काही कळत नाही.

मिरर म्हणजे हा कार्बन. डिस्क बंद पडली तर तो तुम्हाला वाचवतो. पण तुम्ही फाइल उडवली, व्हायरसनं डेटा लॉक केला, अपग्रेडनं सिस्टिम मोडली, तर तो तीच गोष्ट इमानदारीत दुसऱ्या डिस्कवरही उतरवतो.

बॅकअप म्हणजे काल काढून घरी नेऊन ठेवलेली झेरॉक्स. आज दुकानात काहीही होवो, ती कालची कालच राहते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बहुतेक घोळ इथंच होतो.

मग चालू सर्व्हरला हात लावायचाच कशाला?

चाललंय ते चालू द्या, असं वाटणं साहजिक आहे. पण ऑपरेटिंग सिस्टिमला एक्सपायरी असते.

आमच्या सर्व्हरवर सेंटओएस ७ होती. रेडहॅट कंपनीच्या लिनक्सवरून बनवलेली ही फुकट आवृत्ती जुलै २०१४ मध्ये आली आणि छोट्या-मोठ्या ऑफिसांत, होस्टिंग कंपन्यांत सगळीकडं बसली. तिचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपणार हे ठरलेलं होतं. सपोर्ट संपला म्हणजे सर्व्हर बंद पडत नाही. पण त्यानंतर सापडलेल्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळं मिळत नाहीत.

लोक आधीच सेंटओएस ८ वर का गेले नाहीत? तर त्यातही एक ट्विस्ट होता. आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत चालेल असं सगळे धरून होते. पण डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ती ३१ डिसेंबर २०२१ लाच थांबणार. म्हणजे नवीनचा सपोर्ट जुनीच्या आधी संपला. त्यामुळं बरेच जण सातवरच बसून राहिले आणि मग अल्मालिनक्स, रॉकी लिनक्स अशा पर्यायांकडं वळायची वेळ आली.

सपोर्ट नसलेल्या सिस्टिमचं काय होतं हे मे २०१७ मध्ये जगानं बघितलंय. वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस पसरला आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या हॉस्पिटल्सना अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते लावलं नव्हतं आणि ज्यांची विंडोज इतकी जुनी होती की त्यांना ते मिळालंच नव्हतं, ते उघडे पडले.

त्यामुळं अपग्रेड टाळणं हा काही उपाय नाही. ते नीट करणं हाच उपाय आहे.

आरसा मुद्दाम फोडायची युक्ती

अनुभवी लोक अपग्रेडच्या आधी एक हुशार गोष्ट करतात. दोन डिस्कची जोडी मुद्दाम तोडतात. एक डिस्क बाहेर काढून कपाटात ठेवतात आणि अपग्रेड फक्त दुसरीवर करतात.

अपग्रेड जमलं, तर कपाटातली डिस्क परत लावायची, तिच्यावर नवा डेटा उतरवून घ्यायचा आणि जोडी पुन्हा पूर्ण. नाही जमलं, तर कपाटातली डिस्क लावायची आणि दहा मिनिटांत सर्व्हर होता तसा.

आमच्या दादानं नेमकं हेच केलं होतं. युक्ती चुकीची नव्हती. पण ती चालायला चार गोष्टी बरोबर असाव्या लागतात आणि त्या त्यानं तपासल्या नव्हत्या.

पहिली गोष्ट : जोडी खरंच जोडी आहे का?

आमच्याकडं झालं होतं ते असं. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका डिस्कची केबल बहुतेक ढिली झाली. डिस्क काही सेकंद गप्प बसली. सिस्टिमनं तिला नापास केलं आणि जोडीतून बाहेर काढलं.

आणि बाहेरून काहीच कळलं नाही. कारण मिररचा उद्देशच तो असतो की एक डिस्क गेली तरी काम थांबू नये. सर्व्हर एका डिस्कवर चार महिने धावत राहिला. दुसरी डिस्क आतच होती, फिरत होती, पण तिच्यातलं जग ५ जूनलाच थांबलं होतं.

दादानं ड्रॉवरमध्ये ठेवली ती नेमकी ही डिस्क.

हे तपासायला एक मिनिट लागतं. लिनक्समध्ये एमडीस्टॅट नावाची एक छोटी फाइल असते. ती उघडली की प्रत्येक जोडीपुढं कंसात इंग्रजी यू हे अक्षर दिसतं. दोन यू दिसले तर दोन्ही डिस्क कामावर आहेत. एका यूच्या जागी नुसती खालची रेघ दिसली, तर समजा एक डिस्क सुट्टीवर आहे. डिस्क बाहेर पडली की ईमेल पाठवायची सोयही सिस्टिममध्ये असते. आमच्याकडं तो ईमेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात होता.

दुसरी गोष्ट : हातात आहे ती नेमकी कुठली डिस्क?

सर्व्हर डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावं देतो. लोक ही नावं पक्की समजतात. ती पक्की नसतात. डिस्क सापडतात त्या क्रमानं ती दिली जातात. एक डिस्क काढून सर्व्हर चालू केला तर कालची बी आज ए होऊन बसू शकते.

डब्यावरच्या कप्प्यांचंही तेच. वरचा कप्पा म्हणजे पहिली डिस्क असं काही नसतं. आतली केबल कशी जोडलीये त्यावर ते ठरतं.

यातनं खात्रीची एकच ओळख असते आणि ती म्हणजे डिस्कच्या लेबलवर छापलेला सीरियल नंबर. तो सिस्टिममधूनही वाचता येतो. म्हणून आधी स्क्रीनवरून नंबर लिहून घ्यायचा, मग डिस्क बाहेर काढून लेबलवरचा नंबर जुळवायचा. चांगल्या सर्व्हरमध्ये ठरावीक डिस्कचा दिवा लुकलुकवायची सोय असते, तीही वापरायची.

एक डिस्क खरोखर खराब झाली असेल आणि तुम्ही घाईत चांगली ओढून काढलीत, तर जोडीतली शेवटची धड डिस्क तुम्हीच चालू सर्व्हरमधून उपटलेली असते. सर्व्हर तिथंच गार.

तिसरी गोष्ट : दुसरी डिस्क एकटी उठते का?

मिररमध्ये साधारणपणे डेटाचे आणि सिस्टिमचे भाग जोडलेले असतात. पण कॉम्प्युटर चालू झाल्यावर सगळ्यात आधी जो छोटा प्रोग्रॅम सिस्टिमला उठवतो, म्हणजे बूटलोडर, तो सॉफ्टवेअरनं बनवलेल्या मिररमध्ये बऱ्याचदा एकाच डिस्कवर बसवलेला असतो. नव्या मशीनमध्ये त्याच्यासाठी एक वेगळं ईएफआय पार्टिशन लागतं आणि तेही अनेकदा जोडीच्या बाहेरच राहतं.

परिणाम काय? डेटा दोन्हीकडं आहे, पण दुसऱ्या डिस्कला एकटीनं उठताच येत नाही. घराच्या दोन चाव्या केल्या, पण बिल्डिंगच्या गेटची चावी एकाच जुडग्यात, तसं.

म्हणून अपग्रेडच्या आधीच्या आठवड्यात एक रंगीत तालीम करतात. सर्व्हर बंद करायचा, एक डिस्क काढायची, दुसरीवर एकटीवर चालू होतो का बघायचं. मग उलट. दर वेळी काढलेली डिस्क परत लावून जोडी पूर्ण जुळेपर्यंत थांबायचं. या तालमीत आमची ५ जूनची भानगड पाच मिनिटांत उघडी पडली असती.

चौथी गोष्ट : डेटा कुठून कुठं जाणार?

हा सगळ्यात धोकादायक टप्पा आहे आणि वारीचे फोटो इथंच गेले.

जोडी पुन्हा जुळवताना सिस्टिम दोन्ही डिस्क बघून त्यातलं चांगलं चांगलं निवडत नाही. तिचा नियम सरळ आहे. जी डिस्क चालू आहे ती खरी आणि जी नव्यानं जोडली ती कोरी पाटी. चालू असलेली डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत दुसरीवर उतरवली जाते. दुसरीवर आधी काय होतं याची कोणी चौकशी करत नाही.

त्या रात्री चालू होती ५ जूनला थांबलेली डिस्क. आत सरकवली ती डिस्क अपग्रेडमध्ये अडकली होती हे खरं, पण काकांचे चार महिन्यांचे फोटो तिच्यावर शाबूत होते. सिस्टिम मोडली होती, फोटो नाहीत. ती डिस्क नुसती बाजूला ठेवून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली असती तरी सगळं कॉपी करून घेता आलं असतं. पण दादानं जोडणीची कमांड दिली आणि जूननं ऑक्टोबर पुसून टाकला.

खरं तर सिस्टिम स्वतःहून इतकं करत नाही. लिनक्स प्रत्येक डिस्कवर एक मोजणी ठेवतं. जोडीत काही बदल झाला की आकडा वाढतो. दोन डिस्क समोर आल्या आणि एकीचा आकडा मागं राहिलेला असला, तर लिनक्स तिला शिळी समजून बाजूला ठेवतं. पण तुम्ही शिळी डिस्क एकटीच लावून चालू केलीत, तर तुलना करायला समोर कोणी नसतं. आणि मग दुसरी जोडायचा हुकूम तुम्हीच दिलात, तर लिनक्स तो पाळतं.

वेगळं रेड कार्ड लावलेल्या सर्व्हरमध्ये तर अजून सांभाळावं लागतं. तिथं बरीच कार्डं रिकाम्या कप्प्यात डिस्क आली की विचारत बसत नाहीत, आपोआप भरायला सुरुवात करतात. म्हणजे जपून ठेवलेली डिस्क "जरा बघू या" म्हणून चालू सर्व्हरमध्ये सरकवली तरी ती पुसली जाऊ शकते.

हे फक्त छोट्या ऑफिसात होतं का?

नाही. ३१ जानेवारी २०१७ ची गोष्ट घ्या. जगभरातले प्रोग्रॅमर आपला कोड जिथं ठेवतात त्या गिटलॅब कंपनीत एक इंजिनिअर रात्री उशिरा काम करत होता. तिथं आरसा डिस्कचा नव्हता, दोन डेटाबेस सर्व्हरचा होता. एक मुख्य आणि एक त्याची कॉपी. कॉपी मागं पडली होती, म्हणून तिच्यातला अर्धवट डेटा पुसून ती नव्यानं भरायची असं ठरलं.

त्यानं पुसायची कमांड दिली. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं की ती कॉपीवर नाही, मुख्य सर्व्हरवर चाललीये. थांबवली तोवर सुमारे ३०० जीबीपैकी ४.५ जीबीच उरला होता.

मग बॅकअप शोधायला गेले. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा होता आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा, त्यामुळं बॅकअप होतच नव्हता. तो फसल्याचे ईमेल सुटत होते, पण तेही पोहोचत नव्हते. शेवटी कामी आली ती एक कॉपी, जी कुणीतरी साधारण सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हातानं काढून ठेवली होती.

तरीही त्या मधल्या तासांतली जवळपास ५००० प्रोजेक्ट्स, ५००० कॉमेंट्स आणि ७०० नवीन अकाउंट्स गेली. कंपनीनं काहीही लपवलं नाही. डेटा परत आणायचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं आणि नंतर कुठं काय चुकलं ते सविस्तर लिहून काढलं.

आमचा छोटा डबा आणि त्यांची मोठी कंपनी, दोन्हीकडं तीनच गोष्टी चुकल्या. दोन कॉपींपैकी समोर कुठली आहे हे चुकलं, बिघाडाची सूचना कोणाला मिळाली नाही आणि बॅकअप कधी उघडून बघितला नव्हता.

मग बरोबर पद्धत काय?

एकाच रात्री सगळं करायचं नाही, हा पहिला नियम. जुनी डिस्क बदलणं आणि सिस्टिम अपग्रेड करणं ही दोन कामं आहेत. दोन्ही एकत्र केली आणि काही बिघडलं, तर कशामुळं बिघडलं तेच कळत नाही. बाकी क्रम असा :

१. आधी खराखुरा बॅकअप. तो सर्व्हरच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर. आणि त्यातल्या चार फाइल उघडून बघायच्या. उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक.

२. जोडीची तब्येत तपासायची. दोन्ही डिस्क कामावर आहेत ना, हे बघायचं. मग दोन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून ताडून बघायची सोय असते, ती चालवायची. वर्षानुवर्षं न उघडलेल्या कोपऱ्यातले खराब भाग तेव्हाच सापडतात.

३. डिस्क जुनी झाली असेल तर आधी तीच बदलायची. नवी डिस्क तेवढीच किंवा मोठी हवी. दोन कंपन्यांच्या "४ टीबी" डिस्कमध्येही थोडा फरक असू शकतो आणि नवी जराशी जरी लहान निघाली तरी सिस्टिम तिला जोडीत घेत नाही. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगानं भरायला साधारण साडेसात तास लागतात, सर्व्हरवर काम चालू असेल तर जास्तच. तेवढा वेळ सगळा डेटा एकट्या डिस्कच्या भरवशावर असतो. ते पूर्ण होईपर्यंत अपग्रेडचं नाव काढायचं नाही.

४. नव्या सिस्टिमला आपलं हार्डवेअर दिसतं का, हे पेन ड्राइव्हवरून चालू करून आधीच बघायचं. रेडहॅट लिनक्सच्या आठव्या आवृत्तीतून काही जुन्या स्टोरेज कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकले होते. अशा मशीनवर अपग्रेड केलं की नव्या सिस्टिमला स्वतःची डिस्कच सापडत नाही.

५. बूटलोडर दोन्ही डिस्कवर बसवायचा आणि वर सांगितलेली रंगीत तालीम करायची.

६. अपग्रेडच्या दिवशी सर्व्हर नीट शटडाउन करून मगच डिस्क काढायची. चालू सर्व्हरमधून ओढलेली डिस्क म्हणजे अचानक लाइट गेलेला कॉम्प्युटर. डेटाबेसचं वाक्य अर्ध्यात तुटलेलं असू शकतं. काढलेल्या डिस्कवर कागद चिकटवून सीरियल नंबर, तारीख, वेळ लिहायची. त्याआधी तिच्यात आजची फाइल आहे ना, हेही बघायचं.

७. अपग्रेड झाल्यावर लगेच जोडी जुळवायची नाही. दोन-चार दिवस लोकांना काम करू द्यायचं. प्रिंटर, टॅली, हजेरीचं मशीन, सगळं चालतंय हे दिसल्यावरच कपाटातली डिस्क परत जोडायची. कारण ती जोडली की परतीचा रस्ता बंद. तोवर मात्र सर्व्हर एकाच डिस्कवर आहे हे लक्षात ठेवून बॅकअप रोज घ्यायचा.

८. परत फिरायची वेळ आलीच, तर सर्व्हर बंद, बिघडलेली डिस्क बाहेर, जपलेली आत, तीही एकटीच. बिघडलेल्या डिस्कवर काही लिहायचं नाही. जोडीसाठी तिसरी, नवी डिस्क आणायची. एक नवीन डिस्क काही हजारांत येते. आमच्याकडं तेवढे वाचले होते.

तुम्ही सर्व्हर बघत नसाल तर?

तरी हे तुमच्या कामाचं आहे. घरी किंवा दुकानात दोन डिस्कचा एनएएस डबा असेल, तर त्यातही हाच आरसा असतो. आणि तुम्ही एखाद्या संस्थेच्या कमिटीवर असाल, दवाखाना किंवा ऑफिस चालवत असाल, तर आयटी बघणाऱ्याला चार साधे प्रश्न विचारा.

डिस्क बंद पडली तर ईमेल कोणाला जातो? तो माणूस अजून इथं काम करतो का?

बॅकअप या डब्याच्या बाहेर कुठं आहे?

त्यातली एखादी फाइल शेवटची कधी उघडून बघितली?

अपग्रेड फसलं तर परत यायचा रस्ता काय आणि तो करून बघितलाय का?

उत्तर देताना समोरचा "दोन डिस्क आहेत ना" एवढंच म्हणाला, तर समजून घ्या की फक्त कार्बन आहे, झेरॉक्स नाही.

आणि हे विचारताना जरा सबुरीनं. आमचा दादा निष्काळजी नव्हता. रात्री एकटा होता, सोबत कोणी नव्हतं, नव्या डिस्कसाठी त्यानं दोनदा मागणी केली होती आणि ती दोनदा फेटाळली गेली होती. अशा कामाला दुसरा माणूस शेजारी बसून नुसता सीरियल नंबर मोठ्यानं वाचत असेल तरी निम्म्या चुका टळतात.

काकांनी त्या दिवशी कोणालाच काही ऐकवलं नाही. वेबसाइटवरचे छोटे फोटो एकेक करून उतरवून घेतले आणि स्वतःच्या पैशानं एक एक्स्टर्नल डिस्क आणली. पुढच्या वर्षी वारीला जाताना ती बॅगेत होती. मुक्कामावर पोहोचलं की आधी कार्ड त्या डिस्कवर उतरवायचं, दोन फोटो उघडून बघायचे, मगच चहा.